या चिखलाची चव घेऊ नये

माणसं प्रवासाला निघतात ती देव बघायला, डोंगर बघायला, नाहीतर लेकीच्या घरी. मी निघालो चिखल बघायला. पिशवी भरताना बायकोनं विचारलं, "आपल्या कृष्णेला चिखल नाही होय?"

मी म्हटलं, "आहे, पण इथला चिखल मला लहानपणापासून ओळखतो. मान देत नाही."

तिकडच्या चिखलानं मला ओळखायला चार दिवस घेतले, एवढाच काय तो फरक.

नव्वदीच्या सुरुवातीची ही गोष्ट. तंत्रनिकेतनातला माझा वर्गबंधू दिगंबर, म्हणजे आमचा दिगू, बोईसरला एका सरकारी कामावर इंजिनिअर होता. त्याचं पत्र आलं : 'खाडीतून उपसलेल्या गाळाच्या विटा करून बघायच्या आहेत. तू वीटभट्टीवाल्याचा मुलगा. शिमग्यापर्यंतची रजा टाक आणि ये.'

वीटभट्टीवाल्याचा मुलगा मी आहे, हे खरं. कराडजवळ नदीकाठी वडिलांची भट्टी होती. पण तिथलं माझं शिक्षण म्हणजे गरम विटांवर कणसं भाजणं आणि वडील आले की थप्पीमागं लपणं. पुढं मी ड्रॉइंग मास्तर झालो आणि विटा फक्त कागदावर काढल्या. मात्र कॉलेजात दिगूवर छाप पाडायला मी विटांबद्दल जे जे ठोकून दिलं होतं, ते त्यानं इतकी वर्षं जपून ठेवलं होतं. थाप मारणारा विसरतो, ऐकणारा विसरत नाही. आता नाही म्हणावं तर थाप उघडी पडणार, हो म्हणावं तर मी. मी हो म्हटलं. सोबत घेतलं ते असं : दोन पांढऱ्या पँटी, वडिलांची पितळी मोजपट्टी, शेंगदाण्याची चटणी आणि चेहऱ्यावर जाणकाराचा भाव.

बोईसर

गाड्यांचं वर्णन करत नाही. सफाळ्याच्या फलाटावर चिकूची टोपली दिसली म्हणून उतरलो आणि गाडी निघून गेली, एवढं सांगितलं की पुरे. चिकू मात्र गोड होते, आणि पुढच्या गाडीला इतका वेळ होता की ते सगळे संपले.

बोईसरला संध्याकाळी पोचलो. आमच्याकडं या दिवसांत संध्याकाळी गुऱ्हाळाचा वास येतो. इथं कारखान्यांचा येतो, आणि तो दर अर्ध्या तासानं बदलतो. चहाच्या टपरीवर पाळी सुटलेले कामगार हिंदीत गप्पा मारत होते. एकानं मला विचारलं, "कौनसी कंपनी में लगे हो?"

मी म्हटलं, "कीचड में."

तो गंभीरपणे म्हणाला, "परमानेंट है क्या?"

दिगूनं रात्री जेवताना सगळं समजावलं. पश्चिमेला तिवरपाडा नावाचं कोळ्यांचं गाव आहे. खाडीचं तोंड गाळानं भरत चाललं, तेव्हा होड्यांना भरतीची वाट बघत बाहेर ताटकळावं लागे. म्हणून गाळ उपसायचं यंत्र आणलं. यंत्रानं खाडी मोकळी केली आणि गाळ ओतला तो सगळ्यात जवळच्या सपाट जागेवर. आता तो गाळ कुणीच घेईना. शेतकरी म्हणाले, खारं-काळं नको. भराववाले म्हणाले, वास येतो. त्यात कारखान्यांकडून येणारा नाला वर्षानुवर्षं त्याच खाडीत मिळतो, म्हणून प्रयोगशाळेत नमुना पाठवला. उत्तर आलं की यात थोडे जड धातू आहेत, शेतात, विहिरीजवळ किंवा अन्नाशी संबंध येईल तिथं टाकू नका. पण पक्की वीट भाजली तर विष आतच अडकून राहील, असा संभव आहे.

"मग?" मी विचारलं.

"साहेब म्हणालेत, शिमग्याच्या आदल्या दिवशी येतो. चांगली वीट दाखवा, मी भट्टीला मंजुरी मिळवतो. नाहीतर पावसाआधी गाळ आहे तिथंच पसरून रोलर फिरवू."

"फिरवू दे की. सपाट जागाच आहे ना?"

दिगूनं हातातला घास ताटात ठेवला. म्हणाला, "उद्या हिराबाईंना भेट."

तिवरपाडा

ढीग लांबून दिसतो. वास त्याच्याही आधी येतो. वरून वाळून भेगाळलेला, राखाडी, आणि काठाला काळा ओशट. त्यातून ओळीनं बांबूंची टोकं वर आलेली. मला वाटलं, इंजिनिअर लोकांनी मोजणीसाठी रोवली असतील. मी जाणकारासारखा म्हणालो, "खुंट्या छान मारल्यात."

"त्या खुट्ट्या नाय. ती माजी वलांडी," मागून आवाज आला.

हिराबाई ढिगाच्या कडेला फळकुटावर बसून टोपलीतला जवळा निवडत होती. पन्नाशीची, काटक, आणि बोलताना समोरच्याच्या कपड्यांकडं बघायची सवय. माझ्या पांढऱ्या पँटीकडं बघून तिनं दिगूला विचारलं, "ह्ये कोन?"

"विटांचे जाणकार आहेत. कराडहून आलेत."

"तिकडं समिंदर हाय?"

"नाही, नदी आहे."

"मंग ह्यांना आमचा चिकल कसा ठावा?"

मी मोठ्यानं हसलो. सबंध मुक्कामात कुणी विचारलेला तो सगळ्यात शहाणा प्रश्न होता, आणि मी त्यावर हसलो होतो.

मग तिनं एकेका टोकाला बोट दाखवत सांगितलं. बांबू उभे करून त्यांना आडवे दोर बांधायचे, आणि त्यावर बोंबील जोडीनं, जबड्यात जबडा अडकवून, वाळत घालायचे. ती वलांडी. तिच्या पायथ्याशी सारवलेल्या खळ्यात जवळा पसरायचा. गावातल्या वीस-बावीस बायकांचं सुकवण इथं चालायचं. दिवाळीनंतर यंत्र आलं आणि चार दिवसांत वलांड्या कमरेपर्यंत, मग गळ्यापर्यंत बुडाल्या. आता बाया रस्त्याच्या कडेला मासळी सुकवतात आणि तिला धूळ लागते म्हणून सफाळ्याच्या बाजारात गिऱ्हाईक नाक मुरडतं.

"सायेब बोलला, इथंच पसरू, सपाट करू," हिराबाई म्हणाली. "सपाटीचा काय करू? त्या चिकलावर सुकवलेला जवळा तुमी खाल, मास्तर?"

मी विषय बदलून चिखलाचा पोत बघायला वाकलो.

पाटी

विटा पाडायला दिगूनं मनोरच्या पलीकडल्या एका आदिवासी पाड्यावरचं जोडपं आणलं होतं. जानू आणि लखी. पावसाळ्यात आपल्या उतारावरच्या तुकड्यात नागली आणि भात, आणि भात झोडून झालं की खाडीकाठच्या भट्ट्यांवर विटा, असं त्यांचं वर्ष. शिमग्याला काही झालं तरी पाड्यावर परतायचं, हे जानूनं आल्या आल्या सांगून टाकलं. आमच्याकडं दिवाळीला घरी न गेलेल्या माणसाची जशी चौकशी होते, तशी तिकडं शिमग्याची होते.

लखी ढिगाजवळ गेली, चिमूटभर चिखल बोटावर घेतला आणि जिभेकडं नेला.

मी ओरडलो. नुसता ओरडलो नाही, धावलो आणि तिचा हात झटकला. मग सगळ्यांना गोळा करून व्याख्यान दिलं. यात विष आहे, हे डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही, वगैरे. वर्गात पोरं माझं ऐकत नाहीत. इथं सगळे ऐकत होते, त्यामुळं जरा लांबलंच.

लखी शांतपणे म्हणाली, "पन चव नाय घेतली तं कळंल कसा?"

"चवीचं काय करायचंय?" मी म्हणालो. "वीट खायचीय का?"

हशा पिकला. दिगूसुद्धा हसला. मी इतका खूश झालो की तो विनोद संध्याकाळपर्यंत आणखी दोघांना सांगितला. दुसऱ्या दिवशी फळीवर सुरेख वळणदार अक्षरात पाटी रंगवली : 'या चिखलाची चव घेऊ नये.' ड्रॉइंग मास्तर होण्याचा तेवढाच उपयोग. पाटी ढिगासमोर रोवली. जाणारी-येणारी माणसं थांबून वाचायची आणि एकमेकांकडं बघायची. कोळीवाड्यातल्या कुणाच्याही मनात चिखल चाखायचं आजवर आलं नव्हतं.

रबरी हातमोजे आणि बूटही मी बोईसरहून आणले. लखीनं मोजे घालून पहिली वीट पाडली आणि म्हणाली, "हात मुका झाला." तरी मोजे तिनं काढले नाहीत. मी सांगितलं होतं ना.

चौथ्या दिवशी ढिगाची आणि माझी ओळख झाली. वरचा थर वाळलाय, चालून बघतो, असं मी म्हणालो. जानू म्हणाला, "नको, मास्तर." मी पाच पावलं चाललो. सहाव्या पावलाला कमरेपर्यंत आत गेलो आणि तिथंच उभा राहिलो, हिराबाईच्या वलांडीच्या टोकाला मिठी मारून. कुणीतरी होडीचा दोर आणला. सात जणांनी ओढलं. जोर लावताना ते जे गाणं म्हणत होते ते होडी ओढायचं होतं, आणि त्यातली लाडाची विशेषणं होडीसाठीच असावीत, अशी माझी समजूत आहे.

हिराबाईनं मला विहिरीपासून लांब, वाळूत उभं करून बादल्यांनी धुतलं. पँट गेली. दुसरी दोरीवर वाळत होती. मग तिच्या नवऱ्याचा तिकोनी रुमाल मला कमरेला गुंडाळला. कोळी माणूस तो नेसून तुफानात होडी हाकतो. मी तो नेसून तिच्या ओटीवरून चुलीपर्यंतसुद्धा मोकळेपणानं जाऊ शकलो नाही.

"बसा आता जेवायला," ती म्हणाली. "कुटं जायाचं नाय तुमाला ह्या अवतारात."

तांदळाची भाकरी, पातळ, पांढरी, पदर सुटलेली. आमची ज्वारीची भाकरी तिच्यापुढं पैलवान वाटते. सोबत जवळ्याची चटणी आणि बोंबलाचं कालवण. मी काटे काढायला पितळी मोजपट्टीचं टोक वापरू लागलो तेव्हा हिराबाईनं ताट पुढ्यात ओढून, लहान मुलाचा निवडावा तसा माझा मासा निवडून दिला. बदल्यात मी शेंगदाण्याची चटणी पुढं केली. तिनं चाखली आणि विचार करून म्हणाली, "बरी हाय. पन हिच्यात काय मेलेलं नाय."

भट्टी उघडली

विटा सुकल्या, तूस आणि लाकूड घालून छोटी भट्टी लावली, आणि तिसऱ्या दिवशी उघडली. विटा लालबुंद निघाल्या. एकमेकींवर आपटल्या तर खणखण वाजत होत्या. माझे डोळे भरून आले. वडील असते तर म्हणाले असते, कारटं वाया गेलं नाही.

आनंदाच्या भरात मी त्या विटांचा एक कट्टा बांधून घेतला. साहेब आले की त्यावरच बसवायचे. वर मधोमध वडिलांची मोजपट्टी ठेवून फोटोही काढवला.

समुद्रावरची दमट हवा दोन रात्री त्या कट्ट्यावरून गेली. तिसऱ्या सकाळी मी तांब्या घेऊन निघालो, तर कट्ट्यापाशी हिराबाईची बकरी चांदी आणि तिच्या तीन मैत्रिणी. कट्टा पांढरा झाला होता, जणू कुणी वर पीठ भुरभुरलंय. आणि चौघीजणी तो मन लावून चाटत होत्या.

मी दगड मारून त्यांना हाकललं. तोवर लखी, जानू, हिराबाई जमली होती. मी म्हणालो, "काही नाही, दव पडलंय." आणि पुरावा म्हणून त्यावर बसलो. उठलो तेव्हा पँट ओली होती आणि विटेचा पापुद्रा पँटीला चिकटून आला होता.

लोणा लागला होता. मातीतलं मीठ विटेतून बाहेर फुटतं आणि वीट सोलत जाते, तो लोणा. हा शब्द मी वडिलांच्या तोंडून शंभरदा ऐकला होता. पण माझ्या डोक्यात चिखल म्हणजे कृष्णेचा चिखल. समुद्राच्या खाडीतला चिखल खारट असतो, हे शोधून काढायला मला दोन आठवड्यांच्या आसपास आणि चार बकऱ्या लागल्या.

"मीच चव बगत व्हती," लखी म्हणाली. "खाडीकडल्या भट्टीवर आमी आधी जीभ लावतो. खारा लागला तं धुतो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी इतक्या जोरान सांगितला ना, मना वाटला तुमाला ठावा असंल." मग म्हणाली, "आन् आता बकऱ्यांनी खाल्ली बगा ना. वीट खायाला आली की."

जानू तोंड फिरवून हसला. माझा विनोद माझ्याकडं परत आला होता, तोही चाटूनपुसून.

हिराबाई मात्र हसली नाही. ती कट्ट्याजवळ बसली, बोटानं ती पांढरी भुकटी पुसली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "मास्तर, मीठ भायेर आला. मंग ते दुसरं, ज्याच्यापायी तुमी पाटी लावली, ते बी येत असंल ना?"

मी पँटीवरचा पापुद्रा काढून टाकला. वीट फुटली तर विष अडकून कशात राहणार? आणि वीट नाही, तर रोलर. हिराबाईनं चांदीला कवेत घेतलं आणि तिचं तोंड गोड्या पाण्यानं धुतलं. पुढचे आठ दिवस मी सकाळी उठल्यावर पहिल्यांदा चांदीची तब्येत विचारत असे. लोकांना वाटलं, मास्तर जनावरांवर माया करणारा आहे.

तीन पाणी

शिमग्याला पंधरा दिवस उरले होते. विटा पाडून, वाळवून, भाजून काढायला आठ लागणार. जानूची तर बोचकी बांधायची तयारी सुरू होती.

मी दिगूला म्हणालो, "सांगून टाकू साहेबांना, जमत नाही म्हणून." खरं म्हणजे मला घरी जायचं होतं. दुसऱ्याच्या गावात आपण मूर्ख ठरलो की घरची आठवण फार येते.

हिराबाई ओटीवर सुकट निवडत ऐकत होती. म्हणाली, "खारवलेला मासा कालवनात घालायच्या आदी काय करता तुमच्यात?"

"आमच्यात मासाच नाही."

"आमी तीन पान्यातनं काडतो. पयलं पानी खारट, दुसरं कमी, तिसऱ्यात मासा गोडा. चिकल बी काडा तीन पान्यातनं."

"पण कळणार कसं, सगळं मीठ गेलं ते?" दिगू म्हणाला. "जीभ तर लावायची नाही."

"नायच लावायची. मास्तरानं त्येवढं खरं सांगितलं." ती आत गेली आणि काळाकुळकुळीत लोखंडी तवा घेऊन आली. "फुटलेला हाय, भाकरीला चालत नाय. ह्यावर पळीभर पानी टाका, आटवा. मीठ असंल तं पांडरं कडं उठंल."

लखीनं तवा हातात घेतला, उलटसुलट करून बघितला. जिभेची जागा घेणारं काहीतरी तिला पहिल्यांदाच मिळालं होतं. "बेस," ती म्हणाली. मग जानूकडं न बघताच, "आपन शिमग्याच्या आदल्या दिशी निगू. तंवर हाव."

जानूनं बोचकं सोडलं. त्याला विचारलं नव्हतं कुणी, पण तो नाराज दिसला नाही.

धुवायला हौद नव्हता. किनाऱ्यावर एक जुनी होडी पालथी पडलेली होती, ती उताणी केली, फटी डांबरानं बुजवल्या आणि तिच्यात गाळ भरला. बायका गोडं पाणी आणू लागल्या. आपल्या पिण्याच्या पाण्यातला हंडा चिखलाला घालणं म्हणजे काय, हे दुष्काळी भागाच्या शेजारी राहणाऱ्या मला कळत होतं, म्हणून मीही हंडा उचलला. तो डोक्यावर ठेवून दहा पावलं चाललो आणि अर्धा अंगावर घेतला. मग त्यांनी मला तव्याचं काम दिलं.

ढवळायचं, निवळू द्यायचं, वरचं पाणी काढायचं. काढलेलं पाणी खाडीत नाही, विहिरीच्या बाजूलाही नाही. दिगूनं त्यासाठी एका पडीक मिठागराचा चिकणमातीचा वाफा मिळवला. तिथं ते उन्हात आटायचं, आणि खाली उरलेलं खरवडून बंद पिंपात भरून ठेवायचं. तेही कुणाच्या दारात न टाकण्याची जबाबदारी त्यानं स्वतःच्या सहीनं घेतली.

पहिल्या पाण्याला तव्यावर असं जाड पांढरं कडं उठलं की नखानं खरवडता आलं असतं. दुसऱ्याला पातळ. तिसऱ्याला मी तवा उन्हात धरून, डोळे बारीक करून बघत बसलो. हिराबाई माझ्या खांद्यावरून, लखी तिच्या खांद्यावरून. कडं नव्हतंच असं नाही. वहीवर खोडरबर फिरवल्यावर पेन्सिलीची रेघ उरते, तेवढं होतं.

लखी म्हणाली, "आजून येक पानी."

एक दिवस जाणार होता. आमच्याकडं जादा दिवस तीनच होते, तोही धरून. मी तोंड उघडलं आणि मिटलं. त्या मुक्कामात मी केलेली ही एकमेव शहाणपणाची गोष्ट. चौथं पाणी घातलं.

या खेपेला भट्टी लखीनं लावली. लाकूड जास्त, तूस जास्त, आणि आग एक दिवस जास्त. मी कुठं उभं राहायचं तेही तिनंच सांगितलं.

साहेब आले

शिमग्याच्या आदल्या दिवशी सकाळी जीप आली. साहेब कमी बोलणारे होते. त्यांनी वीट उचलली, नखानं ओरखडली, खांद्याइतक्या उंचीवरून टाकली. फुटली नाही. बादलीत बुडवली, वजन केलं. मी शेजारी उरलेली पांढरी पँट घालून उभा होतो आणि एक अक्षर बोलत नव्हतो. दिगूला माझ्या तब्येतीची काळजी वाटू लागली.

नव्या विटांचा कट्टाही बांधला होता, या वेळी लखीच्या हुकमावरून. दोन रात्रींचं दमट वारं त्यावरून जायला वेळ मिळाला नव्हता, एकच रात्र मिळाली होती. कट्टा लालच्या लाल होता. पण एका रात्रीवर कोण विश्वास ठेवणार? माझ्या मनात तेच, दिगूच्या मनात तेच.

तेवढ्यात हिराबाई चांदीला दोरीनं ओढत घेऊन आली.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"ही तपासते," हिराबाई म्हणाली.

दिगूनं डोळे मिटले. पहिल्या कट्ट्याची गोष्ट साहेबांपासून लपवायची, असं आमचं ठरलं होतं. आता ती सांगणं आलं. मी पुढं झालो आणि सगळी सांगितली. पाटी, विनोद, लोणा, ओली पँट. गाळात कमरेपर्यंत गेलो तेही सांगून टाकलं, ते विचारलं नव्हतं तरी. साहेब पाटीकडं बघत होते, मग माझ्याकडं, मग बकरीकडं.

हिराबाईनं दोरी सैल सोडली. चांदी कट्ट्याजवळ गेली. हुंगलं. दुसऱ्या बाजूला जाऊन हुंगलं. मागच्या खेपेची आठवण असावी, तिनं मान वर करून माझ्याकडं असं बघितलं, जसं गिऱ्हाईक भेळेत कैरी नसली की भेळवाल्याकडं बघतं. आणि वळून पाटीची फळी चावायला लागली.

साहेब पहिल्यांदा हसले. म्हणाले, "वीट मजबूत आहे. पण माझ्या सहीला बकरी पुरत नाही. दोन विटा मी प्रयोगशाळेत नेतो. त्या ठेचून, पाण्यात ठेवून बघतील काय उतरतंय ते. तोपर्यंत रोलर येणार नाही."

"आन् नाय उतरला तं?" हिराबाईनं विचारलं.

"तर भट्टी लागेल. विटा भरतीचं पाणी अडवणाऱ्या खारबंदिस्तीच्या बांधाला आणि धक्क्याच्या रस्त्याला."

दिगू उत्साहानं म्हणाला, "आणि हिराबाई, तुमच्या खळ्यालाही घालू. पक्की फरसबंदी."

"नको," ती म्हणाली. "तुमी रस्ता करा, बांध करा. जिथं मासा सुकल तिथं माती माजीच. मना वीट नको, मना जागा पायजे."

साहेबांनी डायरीत काहीतरी लिहिलं. तेच शब्द लिहिले असतील, असं मी धरून चाललोय.

दुपारी लखी आणि जानू मनोरच्या एसटीनं गेले. जाताना लखीनं फुटका तवा मागून घेतला. हिराबाईनं तिला सुकट बांधून दिलं. मला लखी म्हणाली, "मास्तर, हातमोजं तुमी घ्या. तव्याचा चटका बसला व्हता ना तुमाला."

कराड

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "झाल्या का विटा?" मी म्हणालो, "झाल्या. मी मधे पडूनसुद्धा."

दिगूची पत्रं येत राहिली. प्रयोगशाळेचा निकाल चांगला आला. पाण्यात धोका वाटावा असं काही उतरलं नव्हतं. शिमगा करून लखी-जानू परतले, सोबत पाड्यावरची आणखी चार जोडपी आणली, आणि लखी तव्यावर मुकादम झाली. पावसाआधी ढीग निम्मा झाला, उरलेला झाकून ठेवला आणि पाऊस सरल्यावर संपवला. खळ्याची वरची वीतभर माती खरवडून तीही भट्टीत गेली. खालची तपासून घेतली, ती स्वच्छ निघाली. बांधाच्या आतल्या बाजूला गावकऱ्यांनी तिवरांची रोपं लावली. नाल्याचं पाणी मात्र अजून तसंच येतं, दिगूनं लिहिलं होतं, त्याची वीट करता येत नाही, त्यासाठी वेगळं भांडण चालू आहे आणि त्यात हिराबाई सगळ्यात पुढं आहे. मी मनातल्या मनात त्या कारखानदारांच्या कपड्यांची काळजी केली.

त्यानंतरच्या दिवाळीला महिना झाला असेल. पोस्टमन एक पार्सल हातभर लांब धरून आला. "सर, हे तुमचंच आहे ना?" त्यानं दारातूनच विचारलं आणि सही न घेताच निघाला. शेजारच्या काकूंनी खिडकी लावून घेतली. आतमध्ये कापडात गुंडाळलेले बोंबील होते, जोडीजोडीनं, जबड्यात जबडा अडकवलेले, पांढरेस्वच्छ, धुळीचा कण नसलेले. वलांडीवरून उतरलेले. सोबत एक फळीचा तुकडा होता. एका कडेला दातांच्या खुणा. माझ्याच वळणदार अक्षरांतला, 'चव घेऊ नये' मधला 'नये' कुणीतरी रंगानं बुजवलेला आणि त्याच्या जागी दिगूच्या गिचमिड अक्षरात, हिराबाईनं सांगितलं असेल तसंच लिहिलेलं :

'चव घेऊन बगा, मास्तर.'

बायको नाकाला पदर लावून उभी होती. मी चूल पेटवली, दोन बोंबील निखाऱ्यावर भाजले, आणि आयुष्यात पहिल्यांदा, कुणाला काहीही न शिकवता, सांगितलं तसं केलं.